पिग्मी कळते, मग एसआयपी का कळू नये?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळेला पिग्मीवाला येतो, शंभर रुपये घेतो आणि हातातल्या मशीनमधून पावती काढून देतो. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी इथल्या बाजारात हा व्यवहार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, सुरू केलेली ही रोजच्या बचतीची पद्धत आपल्या अंगवळणी पडून पिढ्या लोटल्या. पण त्याच दुकानदाराला मुलगा मोबाइलवर ‘एसआयपी’, ‘एनएव्ही’, ‘एक्झिट लोड’ हे शब्द दाखवतो, तेव्हा तो गप्प होतो. ‘तू बघ, मी सही करतो’ म्हणून मोकळा होतो.

अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, समजावून सांगणारा कमिशनवर काम करणारा, आणि समोर बसलेला मराठी माणूस व्यवहाराला पक्का पण शब्दांपाशी अडलेला, असे चित्र आपल्या सीमाभागात जागोजागी दिसते. आमचे म्हणणे असे की हे शब्द नवे असले तरी त्यांच्यामागचे व्यवहार आपल्या ओळखीचेच आहेत. पैसा कुणाच्या हातात जातो, परत कधी मिळतो आणि मधल्या मध्ये कोण किती कापून घेतो, हे तीन प्रश्न आपले आजोबाही विचारत होते. गुंतवणुकीतला जवळजवळ प्रत्येक शब्द या तिनांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर असतो. आपल्या दैनिकाने ही उत्तरे मराठीत छापावीत, अशी विनंती आहे. कशी छापता येतील याचा नमुना म्हणून पुढचा मजकूर.

सुरुवात एसआयपीपासूनच करू. एसआयपी ही योजना नव्हे, ठरावीक रक्कम हप्त्याहप्त्याने भरण्याची पद्धत आहे. ‘मी एसआयपीत पैसे घातलेत’ एवढेच सांगणे म्हणजे पिग्मी भरतो पण कुठल्या बँकेत ते माहीत नाही, असे सांगण्यासारखे आहे. पैसे जातात म्युच्युअल फंडाच्या एखाद्या योजनेत. ती योजना शेअर घेणारी असेल, कर्जरोखे घेणारी असेल किंवा सोने घेणारी. तिथे हजारो लोकांचे पैसे एकत्र होतात. त्यातला आपला वाटा ज्या मापाने मोजतात ते ‘युनिट’, आणि एका युनिटची त्या दिवसाची किंमत म्हणजे ‘एनएव्ही’. योजनेकडे असलेल्या सगळ्या मालाची किंमत घ्यायची, त्यातून देणी आणि खर्च वजा करायचे आणि एकूण युनिटांनी भागायचे, की एनएव्ही निघते.

इथे पहिला घोटाळा होतो. नवी योजना निघाली की ‘दहा रुपयांत मिळतेय, जुनीची एनएव्ही चारशे आहे, महाग पडेल’ असे सांगून अर्ज भरून घेतले जातात. १०,००० रुपयांत पहिल्या योजनेची १,००० युनिटे येतील, दुसरीची २५ येतील. दोन्हीकडचे शेअर १० टक्क्यांनी वाढले तर दोन्हीकडे ११,००० रुपयेच होणार. दहा किलोच्या पोत्यातून तांदूळ घेतला काय आणि पन्नास किलोच्या पोत्यातून घेतला काय, भाव किलोचाच असतो. स्वस्त-महाग ठरते ते आत काय माल भरला आहे त्यावर.

हप्त्याने भरण्याचा फायदा आकड्यांत पाहा. महिन्याला ३,००० रुपये भरता. पहिल्या महिन्यात एनएव्ही ५०, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात ६०. अनुक्रमे ६०, ७५ आणि ५० युनिटे मिळाली, एकूण १८५. खर्च ९,००० रुपये, म्हणजे एक युनिट सरासरी ४८ रुपये ६५ पैशांना पडले. तीन महिन्यांच्या भावाची सरासरी मात्र ५० होती. भाव उतरला तेव्हा जास्त युनिटे आली, एवढेच त्यामागचे कारण. म्हणून बाजार पडला की घाबरून हप्ता बंद करणे म्हणजे स्वस्ताईतच खरेदी थांबवणे. पण याचा अर्थ एसआयपीत तोटा होत नाही असाही नाही. तिन्ही महिने भाव उतरतच गेला तर तोटा होणारच. ‘एसआयपी म्हणजे सुरक्षित’ असे कुणी सांगत असेल तर तो पद्धत आणि माल यांची गल्लत करतो आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण तिच्यावरून लोक उगाच शंका घेतात. ३,००० रुपये कापले जातात आणि खातेउताऱ्यावर २,९९९ रुपये ८५ पैसे दिसतात. हे १५ पैसे कुणी खाल्लेले नाहीत. १ जुलै २०२० पासून फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते, ते हे.

पैसे भरले त्याच दिवसाची एनएव्ही मिळेल असेही धरून चालू नये. शेअर घेणाऱ्या योजनेत दुपारी तीनच्या आत नुसता अर्ज जाऊन भागत नाही, पैसेही फंडाच्या खात्यात पोचावे लागतात. नाहीतर पुढच्या कामाच्या दिवसाचा भाव लागतो. हप्त्याच्या तारखेला बँक खात्यात पैसे नसतील तर बँक दंड आकारते, आणि महिन्याच्या एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती रद्द होते. पगारदाराने तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांची ठेवावी. ऊस उत्पादकाचे तसे नाही. त्याच्या हातात बिल एकदम येते. कायद्याने १४ दिवसांत मिळायला हवे, पण प्रत्यक्षात कधी मिळेल याचा नेम नसतो. त्याने दर महिन्याचा हप्ता बांधून घेण्यापेक्षा बिल आले की रक्कम ‘लिक्विड फंडा’त ठेवावी. हा फंड ९१ दिवसांपर्यंतच्या अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवतो, आणि मागितले की साधारण पुढच्या कामाच्या दिवशी पैसे खात्यात येतात. तिथून दरमहा ठरावीक रक्कम शेअरच्या योजनेत वळती करता येते. या वळवण्याला ‘एसटीपी’ म्हणतात. खते, मजुरी, मुलांची फी यांना लागणारे पैसे मात्र या वाटेला लावूच नयेत.

आता कपात. पिग्मी सहा महिन्यांच्या आत मोडली तर व्याज नाही आणि वर कमिशन कापतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तीच गोष्ट फंडात झाली की तिला ‘एक्झिट लोड’ म्हणतात. शेअरच्या बहुतेक योजनांत वर्षाच्या आत पैसे काढले तर १ टक्का कापला जातो. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचे वर्ष वेगळे मोजतात, हे ध्यानात ठेवावे. तेराव्या महिन्यात सगळे पैसे काढले तर शेवटच्या अकरा-बारा हप्त्यांवर लोड बसणारच.

दुसरी कपात दिसत नाही, म्हणून ती जास्त जड. तिचे नाव ‘एक्स्पेन्स रेशो’, म्हणजे योजना चालवण्याचा वार्षिक खर्च. तो रोज थोडा थोडा एनएव्हीतूनच वजा होतो, त्यामुळे पावतीवर कधी येत नाही. त्यात एजंटाचे कमिशन धरलेले असते ती ‘रेग्युलर’ योजना, आणि ते नसते ती ‘डायरेक्ट’. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला डायरेक्टचा पर्याय द्यावा लागतो. फरक एकाच टक्क्याचा धरला तरी एक लाख रुपये वीस वर्षांत १२ टक्क्यांनी ९ लाख ६४ हजार होतात आणि ११ टक्क्यांनी ८ लाख ६ हजार. मधले दीड लाखाहून अधिक कमिशनपोटी गेले. एजंट वाईट असतो असे आम्ही म्हणत नाही. जो एजंट घरी येतो, बाजार पडल्यावर धीर देतो, वारसांची कामे निस्तरतो, त्याचे कमिशन वसूल होते. पण आपण ते देतो आहोत, हे देणाऱ्याला माहीत असायला हवे.

‘दर महिन्याला लाभांश देणारी योजना’ हा शब्दप्रयोग निवृत्त मंडळींना फार भुलवतो. एप्रिल २०२१ पासून अशा पर्यायाचे नावच बदलून त्यात ‘भांडवल काढून घेणे’ हे शब्द घालावे लागले, कारण मिळणारा पैसा आपल्याच युनिटांच्या किमतीतून निघतो. पाच रुपये दिले की एनएव्ही पाच रुपयांनी उतरते.

यापुढे व्याजाची भाषा. इथे आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रस्त्याकडेच्या फलकावर ‘८.३० टक्के परतावा’ असे लिहिलेले असते आणि आत गेल्यावर कळते की दर ७ टक्के आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. एक लाख रुपये ७ टक्क्यांनी, दर तिमाहीला व्याज मुद्दलात मिळवत पाच वर्षे ठेवले तर १,४१,४७८ रुपये होतात. व्याज ४१,४७८. त्याला सरळ पाचने भागले की वर्षाला ८.३० टक्के दिसतात. पण हा सरळ भागाकार चक्रवाढीला लावायचाच नसतो. चक्रवाढीने मोजला तर खरा वार्षिक दर ७.१९ टक्के येतो. म्हणून ठेव ठेवताना दोनच गोष्टी विचाराव्यात: वार्षिक दर किती, आणि मुदतीअखेर हातात किती रुपये येणार. दुसरा आकडा पावतीवर लिहून घ्यावा.

फंडाच्या जाहिरातीतही हाच खेळ उलट्या बाजूने चालतो. ‘पाच वर्षांत ८० टक्के’ ऐकून माणूस १६ टक्के वर्षाला असे धरतो. १०,००० चे १८,००० पाच वर्षांत होणे म्हणजे चक्रवाढीने साधारण १२.५ टक्के. या मोजणीला ‘सीएजीआर’ म्हणतात. हप्त्यांनी भरलेल्या पैशाला ती लागू पडत नाही, कारण पहिला हप्ता पाच वर्षे राबला आणि शेवटचा एकच महिना. तिथे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला ‘एक्सआयआरआर’ पाहावा. वार्षिक दरांची सरासरीही फसवी असते. एक लाख रुपये पहिल्या वर्षी ५० टक्के वाढून दीड लाख झाले आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के पडले, तर ७५,००० उरतात. सरासरी शून्य, तोटा पाव.

‘दामदुप्पट’ या शब्दाची मोहिनी आपल्याकडे जुनी. त्यावर एक साधा उतारा आहे. ७२ ला दराने भागले की दुप्पट व्हायला लागणारी वर्षे मिळतात. ८ टक्क्यांना नऊ वर्षे, १२ टक्क्यांना सहा. केंद्र सरकारच्या किसान विकास पत्राला ७.५ टक्के दराने पैसे दुप्पट करायला ११५ महिने लागतात. कुणी चाळीस महिन्यांत दुप्पट देतो म्हणत असेल तर तो वर्षाला २३ टक्के देण्याचे कबूल करतो आहे. मग तो स्वतः किती टक्क्यांनी कर्ज देणार, आणि इतके महाग कर्ज कोण घेणार, आणि ते फेडणार कोण? हे प्रश्न त्याच्या कार्यालयात बसून विचारावेत.

भिशीचा हिशेब तर घरातल्या बायका तोंडी करतात. वीस जणी, महिन्याला ५,००० रुपये, दर महिन्याला एकीला एक लाख. पहिलीला बिनव्याजी कर्ज मिळाले आणि विसावीने इतरांना बिनव्याजी कर्ज दिले. तिने तेच पैसे बँकेच्या रिकरिंगमध्ये साडेसहा टक्क्यांनी भरले असते तर साडेपाच हजारांहून अधिक व्याज आले असते. ओळखीपाळखीत हे चालते. पण लिलावाची, कमिशनची चिट असेल तर ती १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली आहे का ते पाहावे. तिथे चालकाच्या कमिशनला ७ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे.

आता पहिला प्रश्न: पैसा कुणाच्या हातात? आपल्याकडे बोलताना सोसायटीलाही सर्रास ‘बँक’ म्हणतात. हा फरक नुसत्या शब्दाचा नाही, पाच लाखांचा आहे. बँकेतली ठेव, मग ती सहकारी बँक असली तरी, डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या महामंडळाकडे विमा उतरवलेली असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून हे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. टिळकवाडीच्या आणि खडेबाजारच्या शाखेतल्या ठेवी त्यासाठी एकत्रच धरतात. ४,८०,००० मुद्दल आणि ४०,००० व्याज झाले असेल तर ५ लाखच मिळतील, वरचे २०,००० बँकेच्या वसुलीवर अवलंबून. बँकेवर निर्बंध आले तर ही विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये झाली. क्रेडिट सोसायटी, पतसंस्था किंवा सौहार्द सहकारी संस्था यांतल्या ठेवींना हा विमा नाही. एक रुपयाचाही नाही. म्हणूनच अशा संस्थांना नावात ‘बँक’ शब्द लावायला कायद्याने मनाई आहे, आणि रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जनतेला तसे सावधही केले होते.

सहकाराविरुद्ध आमचे काहीच म्हणणे नाही. १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला पतपुरवठा सोसायटी निघाली तेव्हापासून या मुलखाला सहकाराची सवय आहे, आणि चांगल्या सोसायट्यांनी हजारो घरे सावकाराच्या दारातून सोडवली. पण संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदली आहे हे पावतीवर छापलेले असते, ते वाचायला हवे. कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९, कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा १९९७ आणि बहुराज्य सहकारी संस्था कायदा २००२, असे हे तीन मार्ग. सीमाभागात तिसरा प्रकार महत्त्वाचा, कारण कोल्हापुरात मुख्य कार्यालय आणि बेळगावात शाखा असलेल्या संस्था त्यात येतात. अशा संस्थेची तक्रार घेऊन इथल्या सहकार निबंधकाकडे गेलात तर ‘आमच्या अखत्यारीत नाही’ असे ऐकावे लागते, आणि कोल्हापुरातही तेच. ती जाते केंद्रीय निबंधकांकडे, दिल्लीला. २०२३ च्या दुरुस्तीने ठेवीदारांच्या तक्रारींसाठी सहकार लोकपालाची तरतूद झाली आहे. ठेव ठेवण्यापूर्वी हा पत्ता माहीत असलेला बरा.

ठेव घेताना सोसायटी आधी शंभर रुपयांचा शेअर देऊन सभासद अर्ज भरून घेते. तोही वाचावा. हा सोसायटीचा ‘शेअर’ आणि बाजारातला ‘शेअर’ हे दोन वेगळे प्राणी आहेत, पण शब्द एकच असल्याने साखर कारखान्याचा जुना सभासद कंपनीच्या शेअरलाही तेच निकष लावतो. कारखान्याचा किंवा सोसायटीचा शेअर म्हणजे सभासदत्वाचा दाखला. तो दर्शनी किमतीलाच परत होतो, बाजारात विकता येत नाही, आणि शेअर कितीही असले तरी मत एकच. कंपनीच्या शेअरला जितके शेअर तितकी मते, किंमत रोज हलते आणि घेणारा मिळेल त्या भावाला तो विकता येतो. तारण काहीच नाही. कंपनी बुडाली तर सगळी देणी भागल्यावर उरले तर शेअरधारकाला.

दर्शनी किंमत म्हणजे ‘फेस व्हॅल्यू’. लाभांश तिच्यावर जाहीर होतो, बाजारभावावर नव्हे. ‘२०० टक्के लाभांश’ वाचून डोळे विस्फारतात. शेअरची दर्शनी किंमत २ रुपये असेल तर मिळणार ४ रुपये. बाजारात तो ८०० ला घेतला असेल तर हा लाभांश पडला अर्धा टक्का. बोनसचेही तसेच. एकास एक बोनस मिळाला की शेअर दुप्पट होतात आणि भाव निम्म्यावर येतो. भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही.

कंपनीचा मोठेपणा शेअरच्या भावाने मोजत नाहीत. भाव गुणिले एकूण शेअर, म्हणजे ‘मार्केट कॅप’, त्याने मोजतात. सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या व्याख्येत पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि त्यापुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. स्मॉल कॅप फंडाने तीन वर्षे चांगले दिले म्हणून सगळे पैसे तिथे नेणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की हे शेअर पडताना गिऱ्हाईक शोधावे लागते. ‘सेन्सेक्स’ म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या ३० कंपन्यांचा निर्देशांक, १९७८-७९ ला १०० धरून मोजलेला. ‘निफ्टी’ ५० कंपन्यांचा, ३ नोव्हेंबर १९९५ ला १,००० धरून. २००८ मध्ये सेन्सेक्स निम्म्याहूनही खाली आला होता, आणि २३ मार्च २०२० रोजी एकाच दिवसात १३ टक्क्यांहून अधिक पडला. निम्मे पडलेले भरून यायला ५० टक्के वाढ पुरत नाही, १०० टक्के लागते. म्हणून पाच-सात वर्षांच्या आत लागणारा पैसा, लग्नाचा किंवा घराच्या स्लॅबचा, शेअरमध्ये नको.

शेअर ठेवायचे खाते ते ‘डिमॅट’, खरेदी-विक्रीचे ते ‘ट्रेडिंग’. डिमॅटमधले शेअर दलालाकडे नसतात, एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असतात. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्याचा उतारा त्यांच्याकडून ई-मेलवर येतो, तो दलालाच्या ॲपवरच्या आकड्याशी ताडून पाहावा. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि बहुतेक कुणी करत नाही. एकच डिमॅट असेल आणि त्यातली किंमत ४ लाखांपर्यंत असेल तर १ सप्टेंबर २०२४ पासून ‘बेसिक सर्व्हिसेस’ प्रकारात वार्षिक शुल्क लागत नाही. विकताना प्रत्येक कंपनीमागे ठरावीक शुल्क बसते, शेअर एक असो वा हजार. म्हणून दोनशे रुपयांचा एकच शेअर घेऊन विकण्यात नफा त्या शुल्कातच जातो.

सोन्याबद्दल थोडक्यात. शहापूरच्या सराफ गल्लीत एक लाखाच्या सोन्याचा दागिना १२ टक्के घडणावळीने घेतला तर ३ टक्के जीएसटी धरून १,१५,३६० रुपये होतात. विकताना घडणावळ परत येत नाही. म्हणजे सोने १५ टक्क्यांहून अधिक चढल्यावर आपण जेमतेम मुद्दलावर येतो. अंगावर घालायला दागिना जरूर घ्यावा. गुंतवणूक म्हणून घ्यायचे असेल तर गोल्ड ईटीएफ आहे, म्हणजे शेअरसारखी बाजारात घेता-विकता येणारी सोन्याच्या फंडाची युनिटे. ॲपवर मिळणारे ‘डिजिटल गोल्ड’ मात्र सेबीच्या देखरेखीखाली येत नाही, हे सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितले आहे.

‘फ्युचर’ आणि ‘ऑप्शन’, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आज केलेले सौदे, हे शब्द नवख्याने ओळखावेत ते दूर राहण्यासाठी. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे होता, हे सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. उद्यमबागेतला पगार महिन्याच्या सात तारखेला या खेळात घालणारी तरुण मुले पाहून जीव तुटतो.

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवर ‘टिप’ देणाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा: नोंदणी क्रमांक काय? गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने, दलालाचा ‘आयएनझेड’ने आणि फंड विकणाऱ्याकडे ‘एआरएन’ असतो. क्रमांक सांगितला तरी सेबीच्या संकेतस्थळावर तो त्याच नावावर आहे का ते पाहावे, कारण दुसऱ्याचा क्रमांक सांगण्याचेही प्रकार होतात. पैसे कुणाच्या व्यक्तिगत खात्यात किंवा साध्या यूपीआय पत्त्यावर कधीही पाठवू नयेत. नोंदणीकृत दलाल आणि फंडांना १ ऑक्टोबर २०२५ पासून ‘व्हॅलिड’ शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते दिले आहेत. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करावा. दलालाबद्दल किंवा फंडाबद्दल तक्रार असेल तर सेबीचे ‘स्कोअर्स’ हे तक्रारींचे संकेतस्थळ आणि १८०० २२ ७५७५ हा निःशुल्क क्रमांक आहे. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर देता येते.

करात एवढे लक्षात ठेवावे: शेअर किंवा शेअरचा फंड १२ महिन्यांनंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि वरच्यावर १२.५ टक्के. त्याआधी विकला तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत.

शेवटी आपल्या भागातली खास अडचण, जिच्यामुळे अर्ज अडकतात. आधारवर नाव कन्नड वळणाने इंग्रजीत उतरलेले असते, पॅनवर शाळेच्या दाखल्याप्रमाणे, बँकेत आडनाव आधी. एका अक्षराचा फरक असला तरी केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, ‘होल्ड’वर जाते, आणि मग पैसे भरता येत नाहीत. पहिल्यांदा आधार आणि पॅन यांतले नाव आणि जन्मतारीख जुळवावी, मग बँकेतले बदलावे, आणि त्यानंतरच डिमॅटचा अर्ज करावा. उलट क्रमाने गेलात तर तीच दुरुस्ती दोनदा करावी लागते. सहीचेही तसेच. बँकेत मराठीत सही असेल आणि अर्जावर इंग्रजीत केली तर हप्ता कापण्याचा आदेश बँक परत पाठवते. जिथे जी सही आहे तीच करावी. मराठीतली सही सगळीकडे चालते, तिला कुणी हरकत घेऊ शकत नाही. वारसाची नोंद करताना घरच्यांना हेही सांगून ठेवावे की ‘नॉमिनी’ हा पैसा स्वीकारणारा असतो, वाटणी कायद्याने किंवा मृत्युपत्राने होते.

आता आपल्याकडे दोन मागण्या. ठेवींच्या जाहिराती आपल्या दैनिकात रोज येतात. त्यात वार्षिक दर, मुदतीअखेरची रक्कम, नोंदणीचा कायदा आणि ‘डीआयसीजीसी विमा आहे’ किंवा ‘नाही’ या चार गोष्टी जाहिरातीतल्या इतर अक्षरांएवढ्याच अक्षरांत छापण्याची अट आपण घालावी. दुसरी, दर सोमवारी अर्धा स्तंभ एका शब्दासाठी द्यावा: एक शब्द, त्याचा आपल्या व्यवहारातला जोडीदार आणि एक सोडवलेला हिशेब. पहिल्या आठ शब्दांचा मजकूर आम्ही तयार ठेवला आहे. त्याचे मानधन नको. तपासून घ्यायला आपल्या कार्यालयात कधी यायचे तेवढे कळवावे.

आपले नम्र,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील काही हिशेबनीस व करसल्लागार